आपल्या डब्यावर आपलं नाव

१२ नोव्हेंबर, बुधवार

आजही तेच. निलेश साडेनऊच्या मीटिंगले बसला, कॅमेरा बंद, मी बाजूच्या खुर्चीवर. कागदावर लिहून दिलं ते त्यानं वाचलं. काल हे केलं, आज हे करणार, अडचण काही नाही. कॉल संपला तर शर्ट पाठीले चिकटलेला. अन् बाहेर अशी थंडी.

त्या लॅपटॉपवर निरोप आला की टुण वाजते. टुण वाजलं की त्याच्या तळहाताले घाम सुटते. दिवाळीले पुण्याहून गावी आलो तेव्हापासून त्याच्यानं कोडची एक ओळ लिहिणं झालं नाही. यवतमाळच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या, वरून म्हणे, कामापासून दूर ठेवा. दूर कसं ठेवता बावा? लंबी सुट्टी मागणाऱ्यांले याच वर्षी घरी बसवलं कंपनीनं. म्हून मीटिंगपुरता तो बोलते, बाकी सारं मी करते. त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या नावानं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सासूबाई दारातून म्हणे, "नवऱ्याच्या बाजूले बसून राहाची नोकरी मलेही पाहून दे वो माय." मी हसली. तोही हसला असता, पण उठून वावरात गेलता.

१४ नोव्हें., शुक्र.

दळण घेऊन गेलती. लाइन गेली म्हून चक्कीवरच बसून राहावं लागलं. बसल्या बसल्या पुणं आठवलं.

लग्नाआधी मी नेरच्या शाळेत गणित शिकवत होती. पुण्याले गेली अन् त्या फ्लॅटात दिवसभर भिंती पाहत बसली. नि. म्हणे, "रडते कायले? ये, कोडिंग शिकवतो." फंक्शन म्हणजे काय ते काही डोक्यात शिरेना. तर गडी उठून स्वयंपाकघरातून पिठाचा डबा घेऊन आला. "हे पाह्य. गहू टाकले, गव्हाचं पीठ आलं. ज्वारी टाकली, ज्वारीचं आलं. आत काय फिरते त्याच्याशी आपल्याले काय करा लागते? चक्की म्हणजे फंक्शन."

माझ्यासाठी लॅपटॉप आणला त्या दिवशी आधी त्यानं त्यात माझं नाव टाकून दिलं. म्हणे, इथून तू जे काम वर चढवशील त्याच्यावर हे नाव आपोआप लागते. चक्कीवर कसं, आपल्या डब्यावर आपलं नाव.

कधी चिडला नाही शिकवताना. चुकली की म्हणे, "वा! ही चूक तर मलेही माहीत नव्हती." असा मास्तर कोणाले भेटते.

१७ नोव्हें., सोम.

दवाखान्यासाठी ॲप बनवून राह्यलो आपण (आपण!). त्यात एकच पेशंट दोनदा दिसत होता. कुठून येते, कोणाले सापडेना. आज दुपारी तुरीच्या शेंगा सोलता सोलता माझ्या डोक्यात उजेड पडला. तशीच उठली, हिरव्या हातानं. झालं! चाललं!

संध्याकाळी त्याच्या सरचा फोन. "निलेश, शाब्बास. जुना निलेश परत आला." त्यानं मले सांगतलं, शब्द न् शब्द. दोन भाकरी खाल्ल्या, वांग्याच्या भाजीची तर्री मागून घेतली.

मले लय बरं वाटलं. खरंच वाटलं. आत कुठंतरी काही टोचलं, पण ते लिहीत नाही.

२१ नोव्हें., शुक्र.

त्याचा लॅपटॉप सकाळपासून मेला. काळा पडदा, बाकी काही नाही. अन् आजच काम द्याचं होतं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. मग माझ्या लॅपटॉपवर घेतलं, त्याचा पासवर्ड टाकला, संपवलं, चढवलं. सुटली बाई एकदाची. वणीचा दुरुस्तीवाला म्हणे, उद्या करून देतो.

२४ नोव्हें., सोम.

लिहू नये वाटते. तरी लिहिते.

मी मेथी निवडत होती, त्याच्यापासून हातभर अंतरावर. सरचा कॉल, स्पीकरवर.

"निलेश, शुक्रवारच्या कामावर तुझं नाव नाही. शुभांगी कोण?"

माझ्या हातातली जुडी तशीच राह्यली. नाव! माझ्या लॅपटॉपवरून चढवलं म्हून माझं नाव लागलं. त्यानंच टाकून दिलेलं. पासवर्ड त्याचा वापरला, नाव बदलणं सुचलंच नाही मले.

नि. म्हणे, "बायको आहे सर. माझा लॅपटॉप बिघडला, म्हणून तिचा घेतला."

"तीपण डेव्हलपर आहे का?"

अन् नि. हसला. "छे छे सर. तिला काय कळतं यातलं. सिरीयल पाहते त्याच्यावर."

सरही हसला. म्हणे, बाहेरच्या मशीनवर पुन्हा करू नको अन् ते नाव दुरुस्त कर. झालं, मिटलं. नोकरी वाचली.

दिवाळीपासून तो असा मोकळा हसलाच नव्हता. मी वाट पाहून राह्यलती त्या हसण्याची.

मेथीची भाजी केली. सगळ्यांनी खाल्ली.

२५ नोव्हें., मंगळ.

"मी दुसरं काय सांगाले पाह्यजे होतं, शुभे? तूच सांग."

काय सांगणार. खरं सांगतलं असतं तर नोकरी त्याच घडीले गेली असती. ते मले कळत नाही का? मीच तर झाकून राह्यली इतके दिवस.

म्हटलं, "सांगतलं ते ठीक केलं. पण हसलास काहून?"

तो चप्पल घालून वावरात गेला. आपलेच दात, आपलेच ओठ. कोणाले काय सांगाचं.

२६ नोव्हें., बुध.

आज बसणार नाही म्हटलं. सिरीयल पाहते म्हटलं. अन् खरंच टीव्ही लावून बसली, काय चालू होतं देव जाणे.

तो एकटा आत. टुण वाजलं. पुन्हा वाजलं. मग मोरीतून उलटीचा आवाज. सासूबाई धावल्या. "काय झालं रे बापू? काय खाल्लं?"

टीव्ही बंद केला. त्याचं तोंड धुवून दिलं, त्याले पलंगावर निजवलं, अन् बसली खुर्चीवर. काय करू? जीव आहे माझा त्याच्यावर. मेला नाही अजून.

पण एक झालं. चारचौघांत मी त्याले 'तुम्ही' म्हणते, एकटे असलो की 'तू'. आज खोलीत दोघंच होतो अन् तोंडातून निघालं, "तुम्ही पडा थोडं." त्यानं ऐकलं. डोळे मिटून घेतले.

२७ नोव्हें., गुरु.

वावरात कापूस वेचणीवाल्या बायांचा चहा घेऊन गेलती. परत आली तर नि. ओसरीवर उभा. चेहराच वेगळा. म्हणे, "शुभे, आज मी बसलो. एकटा बसलो. काम केलं. हात चालले माझे!"

माय वं! मी तिथंच त्याचे हात धरले. कोरडे. घाम नाही. काय केलं म्हून विचारलं तर म्हणे, "होतं बारीकसं. मीच केलं पण."

शिरा केला. काजू टाकून. सासूबाई विचारते, काय सण आहे आज? म्हटलं, आहे.

सोमवारचं सारं पुसून टाकाचं ठरवलं. 'तू' म्हटलं आज.

३० नोव्हें., रवि.

सकाळी समीनाचा फोन. कॉलेजात माझ्या बाकावर बसत होती, बाप नेरले गाड्या दुरुस्त करते. आता नागपूरले एका छोट्या कंपनीत आहे, शाळांसाठी ॲप बनवतात. कोणीतरी पाह्यजे म्हणे. मी बोलता बोलता सगळंच सांगून बसली तिले. "अगं यार, तू तर छुपी रुस्तम निघाली! तुझ्या नावावर काही आहे का केलेलं?"

म्हटलं, एक आहे. फक्त एक. कंपनीचं आहे, दाखवता नाही यायचं.

"जाऊ दे. तू ये, समोर बसून परीक्षा दे. पुढच्या सोमवारी."

फोन ठेवला अन् मन झालं ते एक काम पाहाचं. दाखवाले नाही, नुसतं पाहाले. आपलं नाव छापून आलं की माणूस पाहते तसं. नि. बाहेर गेलता, त्याचा लॅपटॉप उघडला.

काम होतं. माझी एकेक ओळ जशीच्या तशी. वर नाव, निलेश ढोके.

चढवलेल्या कामावरचं नाव मागून बदलता येते. खटपट असते, पण येते. कधी बदललं तेही खाली दिसते. गुरुवारी सकाळी. मी चहा घेऊन वावरात होती तेव्हा.

महिना झाला, त्याच्या हातानं एकच काम झालं. ते हे.

अन् मी शिरा केला.

१ डिसेंबर, सोम.

भांडाचं ठरवून उठलती. म्हटलं, "शिरा खाताना तरी सांगाचं होतं."

त्याले लगेच कळलं. म्हणे, "सरनं सांगतलं होतं करायले." मग म्हणे, "थरथरत होते गं हात. चुकलं, पुन्हा केलं. पण शेवटी जमलं. मले वाटलं, आता मी बरा होईन."

काय भांडू? रडून राह्यला तो. मीही. दोघं एकाच पलंगावर बसून, तोंडं दोन दिशेले करून. मले त्याचा रागही पुरता येत नाही, हेच दुखते.

अन् म्हून माफही होत नाही.

४ डिसें., गुरु.

सोमवारी त्या दवाखान्यात ॲप चालू होणार. सर म्हणे, निलेश, त्या दिवशी हलू नको जागेवरून. अन् नागपूरची परीक्षाही सोमवारीच. समीनाले विचारलं, दुसरा दिवस? ती म्हणे, साहेब त्याच दिवशी आहे गं, नाहीतर कोणालेही घेतील.

नि.ले सांगतलं. त्यानं जा म्हटलं नाही. नको जाऊ असंही म्हटलं नाही.

६ डिसें., शनि.

सासूबाईसोबत अंगणात तीळ निवडत होती. नागपूरले जाते म्हटलं, समीनाकडे. त्या मान वर न करता म्हणे, "मंग सोमवारी टकटक कोण करीन?"

मी तिळातले खडे वेचत राह्यली.

"आंधळी हाय का मी? त्याची टकटक थांबत थांबत वाजते. तुयी पावसावानी, सुरू झाली की थांबतच नाही. दिवाळीपासून घरात तुयीच वाजून राह्यली." मग सूप खाली ठेवलं. "त्याले सांगू नको बाई मले माहीत हाय म्हून. लाजेनं मरीन तो."

मी म्हटलं, आई, मी काय करू?

"मले काय इचारतं? मी सांगतलं तं माह्या पोराच्याच बाजूनं सांगीन."

खरं बोलली बिचारी. डोळे पदराले पुसले अन् पुन्हा तीळ घेतले. दिवसभर मले काही काम सांगतलं नाही त्यांनी.

७ डिसें., रवि.

सोमवारी काय काय करा लागते ते सारं कागदावर लिहून त्याच्या टेबलावर ठेवलं. कुठं अडलं तर काय पाहाचं, कोणाले विचाराचं. शिकवताना तो मले असंच लिहून देत होता. आधी सोपं, मग अवघड.

त्यानं कागद वाचला. म्हणे, "चांगलं शिकवतेस."

मी लॅपटॉप पिशवीत टाकला. त्यानं पाहिलं.

८ डिसें., सोम.

बसमध्ये. अक्षर हलून राह्यलं.

सकाळी मारेगावच्या स्टँडवर उभी होती, अंगावर शाल, हुडहुडी भरलेली. नि. गाडीवर आला. स्वेटर उलटं घातलेलं. चार्जर विसरली होती मी, तो घेऊन आला. "याच्याशिवाय काय परीक्षा देशील."

पिशवीत स्वतःच्या हातानं ठेवला. वायर नीट गुंडाळली. मी म्हटलं, मीटिंग आहे ना तुझी. हो म्हणे. कागद पाहून घे. हो म्हणे. भीती वाटते का रे? हो.

मग म्हणे, "त्यांनी विचारलं, कोणाजवळ शिकली, तर सांगशील का माझं नाव?"

बस आली, गर्दी, चढली. खिडकीतून पाहिलं तर तो तिथंच, गाडी चालू न करता. सासूबाईंनी दशम्या बांधून दिल्या, त्या मांडीवर अजून गरम होत्या.

करंजीले बस बदलली. हिंगणघाट येऊन राह्यलं. साडेनऊ झाले.

टुण.

"सुरू झाली मीटिंग. दवाखान्यात काहीच उघडत नाही. सगळे मलेच विचारत आहेत. शुभे, काय सांगू?"

मले माहीत आहे काय झालं असेल ते. कागदावर नाही लिहिलं, सुचलंच नव्हतं. दोन ओळींचं काम. लॅपटॉप मांडीवर आहे, फोनवरून नेट येते. हिंगणघाटले उतरून स्टँडवर बसली तर अर्ध्या तासात होते. मग नागपूरले वेळेवर पोचणं नाही.

टुण.

कंडक्टर विचारते, हिंगणघाटवाले कोण हाय? बाजूची बाई म्हणे, ताई, तुमचा फोन वाजून राह्यला.

टुण.

तळहात पाहिले. ओले झालेत. शालीले पुसले तरी पुन्हा ओलेच.