डाळिंब पूर्वेलाच निजतं

४ नोव्हेंबर

बघू! या माणसाला एवढा एकच शब्द येतो. लसूण लावायचा आहे — बघू. बुंध्यांना चुना फासायचा आहे — बघू. डाळिंब कधी पुरायचं? — तेही बघू! थंडी काय आमच्या नवरोबा तुर्सुनअलींच्या ‘बघू’साठी वेशीवर ताटकळत उभी राहणार आहे? आज सकाळी खिडकीबाहेरचा पारा चारावर होता. एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय मी. नोव्हेंबर काय चीज आहे ते मला नका सांगू.

लसूण मीच लावला. सगळा. कंबरेचे तुकडे झालेत, आणि हे आत गरम चहा पीत बसलेत.

६ नोव्हेंबर

गाजरं वाळूच्या खड्ड्यात ठेवून झाली. वाळलेल्या तुळशी उपटल्या. मान वर केली की समोर ती भिंत, आणि माझं डोकं फिरतं.

सासूबाईंनी डाळिंब लावलं तेच पूर्वेला कलतं लावलं. कूवा गावात सगळे असंच लावतात. गोठून मरू नये म्हणून दर हिवाळ्यात झाड आडवं करून मातीखाली पुरायचं असतं, मग सरळ उभं लावून कसं चालेल? तेव्हा पूर्वेला मोकळी जागा होती. पंचेचाळीस हिवाळे ते त्याच कुशीवर निजलंय. आणि आता त्या कुशीला, बुंध्यापासून तीन पावलांवर, भिंत! पलीकडे धाकटे दीर ओदिलजोन आणि त्यांची बायको मुकद्दस. नऊ-नऊ हात लांब फांद्या तीन पावलांत निजवायच्या कशा? भिंत घातली जुलैत. तेव्हा झाडाला फळं लोंबत होती, हिवाळा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. अख्ख्या कूवात असा गाढवपणा दुसऱ्या कुणी केला नसेल!

वसंतात सासूबाई गेल्या आणि जूनमध्ये वाटण्या झाल्या. डाळिंब थोरल्यांचं, तंदूर धाकट्यांचा. शिडी आम्हाला, ढकलगाडी त्यांना. कुदळ आम्हाला, पहार त्यांना. चहाच्या वाट्यासुद्धा एकेक उचलून वेगळ्या केल्या. शोभा सगळी!

९ नोव्हेंबर

शेजारच्या हाजरखाला आल्या. त्या आल्या की काहीतरी पेटवूनच जातात.

“तिकडे खणताहेत बरं का. अगदी भिंतीला लागून.”

“काय खणताहेत?”

“मला काय ठाऊक? भिंतीला लागून माणसं काय खणतात? संडास असणार!”

त्या गेल्यावर कान देऊन ऐकलं. खरंच — धप्, धप्, धप्. माझ्या डाळिंबाच्या मुळाशी संडास! अल्ला, तूच बघ या बाईकडे.

१० नोव्हेंबर

राहवेना. भिंतीशी जाऊन ओरडले, “काय चाललंय गं तिकडे?” चार महिन्यांत मी तिला उद्देशून बोललेलं पहिलं वाक्य.

धपधप थांबली. मग मुकद्दसचा आवाज, अगदी गारठलेला: “माझ्या जागेत मी हवं ते खणीन. तुम्हाला काय करायचंय? तुमच्यासाठी तर भिंत आहे ना!”

आणि पुन्हा धप्, धप्. अशी आग झाली माझी!

१३ नोव्हेंबर

पाऊस. पारा दोनावर. तिकडे मेणकापड ओढल्याची फरफर ऐकू आली. झाका, झाका, संडास भिजेल!

१७ नोव्हेंबर

लिहूच नये असं वाटत होतं. तरी लिहिते.

आज ऊन पडलं होतं म्हणून ठरवलं, पूर्वेला नाही तर झाड पश्चिमेला निजवू. तुर्सुनअलींना ओढून बाहेर काढलं. मी फांद्यांवर ओणवी झाले, म्हटलं, तुम्ही दोरी आवळा. पण झाडाला सवय असते! पंचेचाळीस वर्षं एका कुशीवर निजलेल्याला दुसऱ्या कुशीवर ढकललं की व्हायचं तेच झालं. कड्कन आवाज. सहा फांद्यांतली सगळ्यात जाड फांदी बुडाशी उभी चिरली.

हे म्हणाले, “अगं, मी म्हणतच होतो...” काय म्हणत होतात? बघू म्हणत होतात!

बावीस वर्षं हे काम मी आणि मुकद्दसनं केलं. मी दाबायची, ती बांधायची. तिच्यासारखी गाठ या घरात कुणाला येत नाही, हे मात्र खरं. सासूबाई कट्ट्यावर किटली घेऊन बसायच्या आणि तिथून ओरडायच्या, “हळू गं घोड्यांनो! झाड आहे ते, रेडा नव्हे!” आम्ही दोघी हसून हसून फांद्यांवरच आडव्या व्हायचो.

जाऊ दे. चिरलेल्या फांदीला चिखल थापला आणि फडकं बांधलं. नाही जगायची ती.

२० नोव्हेंबर

सगळ्या गल्लीनं झाडं पुरली. एकमेकांच्या अंगणात जाऊन कामं केली, मागाहून कढईभर पुलाव. घरोघरी मातीचे उंचवटे दिसतात. आमच्या अंगणात मात्र डाळिंब उभं. पाच फांद्या आणि एक फडकं.

हाजरखाला म्हणाल्या, “पोती गुंडाळ.” पोती! पारा उणे दहाच्या खाली गेला की पोती काय, गालिचा गुंडाळला तरी झाड बुडापर्यंत मरतं. चाळीस वर्षांपूर्वी एकदा शेजाऱ्यांचं मेलं होतं तेव्हा सासूबाईंनी दोन दिवस चूल पेटवली नव्हती.

संध्याकाळी हे हळूच म्हणाले, “मुकद्दसला विचारायचं का?”

“विचारा! विचारा, आणि मग तिच्याच तंदूरची रोटी खा जन्मभर!”

बिचारे उठून किटली भरायला गेले. मला अजूनच राग आला. कुणीतरी भांडा ना माझ्याशी!

२३ नोव्हेंबर

खरं लिहायला काय जातंय, वही काही चहाड्या करत नाही.

भिंत मी मागितली.

सासूबाईंच्या चाळिसाव्या दिवसाला घर बायकांनी भरलं होतं. कुणीतरी म्हणालं, म्हातारी सुखानं गेली, सुनांनी केलं हो तिचं. त्यावर मुकद्दस रोटी मोडता मोडता म्हणाली, “केलं ते मी केलं. वहिनी शाळेत असायच्या.” सगळ्यांसमोर! रात्री मी यांना सांगितलं, मला तिचं तोंड बघायचं नाही, मध्ये भिंत घाला. यांनी पहिल्यांदाच ‘बघू’ न म्हणता एक काम केलं. आणि नेमकं तेच!

मी शाळेत होते, हे खोटं नाही. शेवटची दोन वर्षं सासूबाईंची कूस ती बदलत होती. दर दोन तासांनी. मी संध्याकाळी यायची आणि औषधांच्या वेळा तपासायची.

पण बायकांसमोर कशाला बोलायचं? मला एकटीला म्हणाली असती तर मी ऐकलं असतं. ...नसतं ऐकलं. भांडले असते.

२६ नोव्हेंबर

परवा पहाटे पारा उणे अकरावर जाणार. रेडिओवर दोनदा सांगितलं. म्हणजे झाड पुरायला उद्या दुपारपर्यंतच वेळ. एकदा फांद्या गोठल्या की वाकवताना काडीसारख्या मोडतात, मग पुरायला काही उरतच नाही.

पोती शिवायला घेतली होती. सुई बोटात घुसली. फेकून दिली पोती.

उद्या सकाळी शिडीवर चढून त्या बाईला तोंडावर विचारणार आहे. झाड सासूबाईंचं होतं, तुझ्या संडासासाठी मारतेस का? झडझडून बोलणार. मनात सगळं पाठ करून ठेवलंय.

२७ नोव्हेंबर, सकाळ

पारा शून्यावर. ऊन आहे, पण ऊब नाही.

शिडी लावली, चढले, भिंतीवरून डोकं काढलं.

संडास नव्हे तो. चर आहे! भिंतीपासून सरळ पूर्वेला गेलेला, आमच्या डाळिंबाच्या नेमका समोर. जिथे दर वर्षी खणायचो तिथेच. भिंतीशी अरुंद, पुढे रुंद, फांद्या पसरतात तसा. लांबी नऊ हातांतून इकडची तीन पावलं वजा जाऊन उरते तेवढीच, न मोजता कळतं मला. वरचं मेणकापड विटांनी दाबलेलं, एका टोकाला दुमडलेलं. आत मक्याची सुकी ताटं अंथरली होती, तळाला पाण्याचा टिपूस नाही. कडेला चाळलेल्या मातीचा ढीग. त्यावर सारख्या लांबीच्या सहा दोऱ्या, प्रत्येकीला तिची ती गाठ अर्धी मारून ठेवलेली.

सहा. चिरलेलीचं तिला माहीत नाही.

आणि भिंतीच्या तिच्या अंगाला कोळशानं चौकट आखलीय. खालून कंबरेइतकी उंच, फांद्या जातील एवढी रुंद. आखून नुसती ठेवलीय. एक वीट हलवलेली नाही. अठरा दिवस!

तेवढ्यात मुकद्दस तंदूरमधून रोट्या काढून वळली. तोंड लालबुंद, डोक्याचा रुमाल मागे सरकलेला. केवढी वाळलीय! मला पाहिलं. मी जे पाठ केलं होतं त्यातलं एक अक्षर आठवेना.

“खालून तिसरी पायरी मोडकी आहे,” ती म्हणाली, “उतरताना जपून.” आणि आत गेली.

तिसरी पायरी. विसरलेच होते मी.

२७ नोव्हेंबर, अर्ध्या तासानं

भिंत फोडायला पहार लागते. पहार त्यांच्या वाटणीला गेली. मागायला चाललेय.