चिमणीचा दाता

४ तारीख
आलो एकदाचा इस्पितळात, दाता म्हणून! खोली झकास आहे, खिडकीत सकाळचं ऊन येतं. कॉलेज अर्धवट सोडलेल्या माणसाला याहून काय हवं? इथल्या त्या नर्सला अख्खा वॉर्ड सिस्टर म्हणतो, माझी जीभ मात्र वळत नाही. तिच्यासाठीच तर आलो.

सात वर्षांच्या चिमणीच्या रक्तात एक घटक जन्मापासूनच नाही. त्यामुळे तांबड्या पेशी फुटतात, मूत्रपिंडं तुंबतात. मशीन माझं रक्त घेतं, त्यातलं पिवळसर पाणी तिच्यासाठी ठेवतं, तांबडं मला परत देतं. इथली रीत अशी, की एका मुलाला एकच दाता. दाता बदलला की अंगावर उलटतं, असं डॉक्टर म्हणाले. नर्सने माझ्या दंडाला पट्टा बांधला तेव्हा मी दोन्ही मूत्रपिंडंसुद्धा देऊन टाकली असती.

११ तारीख
चिमणीची सूज उतरली. मला दादा म्हणते. आज औषध कडू लागलं म्हणून तिने ताटली भिरकावली. तिची आई म्हणाली, ही इतकी गरीब पोर, हे कुठून आलं? सगळे माझ्याकडे बघून हसले. नर्सही हसली. दिवस सार्थकी लागला.

१८ तारीख
चिमणी नर्सला म्हणाली, तुमच्या मानेवरचा तीळ दिसला की मला पुढचं काही सुचत नाही. ती लाजली.
ते वाक्य माझं होतं. मनातल्या मनात घोकलेलं. कुणालाही सांगितलं नव्हतं.

२५ तारीख
चिमणीवर रागवायला गेलो. राग येईना. कॉलेज का सोडलं तेही आठवेना. चिमणीनेच सांगितलं, “त्या सरांनी तुला वर्गासमोर भिकारडा म्हटलं ना, दादा. मला अजून संताप येतो.”

शेवटच्या खोलीत जुना दाता चादरींच्या घड्या घालत बसतो. कुठला, म्हणून विचारलं. हसून त्याने पलंगावरच्या मुलाकडे बोट केलं. त्याला विचारा, म्हणाला.

२६ तारीख
डॉक्टरांना सांगितलं, जातो. त्यांनी अडवलं नाही. रक्त द्यायची एक फेरी चुकली तरी तिची मूत्रपिंडं बंद पडतील, एवढंच म्हणाले. फाटक उघडं होतं. पायरीवर चिमणीची आई बसली होती. नुसते हात जोडले.
परत आलो.

२ तारीख
पट्टा बांधायला एक बाई आली. मानेवर तीळ होता. त्याचं काहीतरी — काय होतं —
तांबडं परत येतं. बाकीचं येत नाही.

९ तारीख
चिमणी बागेत पळते. छान झालं. कोणाची आहे ती —
पळावंसं वाटत होतं. कशापासून —

चिमणीने हात धरला. म्हणाली, “घाबरू नकोस दादा, मी सगळं लक्षात ठेवलंय.” ती सांगते तसं लिहितोय. इथे बरं वाटतं. ऊन येतं. खाली नाव लिही म्हणाली. नाव — थांब, तिला विचारून —