अप्पांची शांत

१६ नोव्हेंबर १९८८, बुधवार. पहाटे ५.५०
आजपासून रोज अर्धा तास अंतर्यामीची शांतता. ठरलं म्हणजे ठरलं.

कारण एकच. कंदिलाची कविता. कोल्हापुरात मामाकडे राहून सातवीपर्यंत शिकलो, तेव्हा गुरुजींनी पाठ करून घेतली होती. आठ ओळींची. सात येतात. आठवी कुठे गेली कळत नाही. परवा विठ्ठलाच्या देवळात प्रवचनकार म्हणाले, हरवलेलं बाहेर नसतं, मन शांत झालं की आतच सापडतं. ते जगाबद्दल बोलत होते, पण मला ओळीबद्दल पटलं.

जागा: पुढच्या खोलीत, जुन्या शिवणयंत्राशेजारी. दुकान सत्यनारायणाकडे दिलं तरी हे यंत्र मी दिलेलं नाही.

ही वही कुणी वाचण्याची भीती नाही. या कानडी मुलखात घरी सगळे मराठी बोलतात, पण लिहायला-वाचायला शिकलेला मी एकटा. मुलगा सत्यनारायण कानडी आणि इंग्रजी वाचतो. बायको कमलाक्षीला मापाच्या टेपवरचे आकडे तेवढे येतात. सून अंबुजाच्या हिंदीच्या परीक्षांची सर्टिफिकेटं भिंतीवर आहेत, पण हिंदी वेगळी, मराठी वेगळी.

१७ नोव्हेंबर
सहा मिनिटं. दूधवाला.

१८ नोव्हेंबर
चार मिनिटं. शेजारच्या वादिराजाचा रेडिओ. मुद्दाम लावतो असं वाटतं. मी बसलो की लावतो, उठलो की बंद. दोनदा उठून-बसून पाहिलं. खात्री झाली नाही, पण संशयाला जागा आहे.

अंबुजाचं मराठी ऐकवत नाही. प्रत्येक क्रियापदाला ‘सोडा’ जोडते. ‘अप्पा, काफी पिऊन सोडा.’ ‘दार लावून सोडा.’ कानडीत तसं म्हणतात म्हणून मराठीत चालत नाही, हे मी तिला लग्नापासून सांगतोय. ती म्हणते, ‘आयतु अप्पा, झालं, सांगून सोडलंत, ऐकून सोडलं.’

२० नोव्हेंबर, रविवार
प्रगती आहे. डोळे मिटले की कान तीक्ष्ण होतात. आज बावीस मिनिटं अजिबात हललो नाही. त्याचं कारण वेगळं आहे.

स्वयंपाकघरात अंबुजा कमलाक्षीला म्हणाली, ‘अत्ते, ह्या वेळी अप्पांची शांत करूनच सोडू. धनुर्मास लागायच्या आत.’ कमलाक्षी म्हणाली, ‘हळू गं. ऐकतील.’

पहिली गोष्ट व्याकरणाची. ‘शांत’ हे विशेषण. ‘अप्पांना शांत करू’ किंवा ‘अप्पांची शांती’ असं हवं. ‘अप्पांची शांत’ हे कुठलं मराठी?

दुसरी गोष्ट. मला शांत का करायचं आहे?

२१ नोव्हेंबर
विचार केला. मी बोलतो फार, हे मान्य. जेवताना दोन कविता म्हणतो. पण त्यासाठी इतकं?

‘शांत झाले’ असं आपण कुणाबद्दल म्हणतो, ते लिहवत नाही.

२३ नोव्हेंबर. सकाळी ७
एकतीस मिनिटं! माझ्या चिकाटीचं मलाच कौतुक वाटतं. ऐकलेलं जसंच्या तसं:

सत्यनारायण: ‘टी. नरसीपूरला सोय चांगली आहे म्हणतात. संगमावरच.’
अंबुजा: ‘मग बुधवारी पहाटेच नेऊन सोडू.’
कमलाक्षी: ‘आधी सांगितलं तर हे येणारच नाहीत.’

नेऊन सोडू. मांजर नेऊन सोडतात तसं. नदीकाठी म्हाताऱ्यांसाठी काहीतरी काढलं असणार. सोय चांगली म्हणे. मी अडुसष्ट वर्षांचा धडधाकट माणूस. शाळेच्या दाखल्यावर अडुसष्टच आहेत. कमलाक्षी सत्तर पुरी होतील म्हणते, कारण आमच्या आईने तिला तसं सांगितलं होतं. आईला लिहिता येत नव्हतं. दाखला लिहिलेला आहे.

२४ नोव्हेंबर
कमलाक्षीही सामील आहे, हे सगळ्यात लागलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा संसार. दिवसभर तिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही, की आलं आणि बरं वाटलं?

संध्याकाळी तिनेच विचारलं, घसा बसलाय का. काढा दिला. चव पाहूनच प्यायलो. आधी तिला प्यायला लावला.

२७ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ८
शेषगिरी घरात आला! दहा वर्षांनी!

शेषगिरी म्हणजे कमलाक्षीचा धाकटा भाऊ. लष्कर मोहल्ल्यात त्याचं टेलरिंगचं दुकान आहे. आधी मंडी मोहल्ल्यात आम्ही दोघं एकत्र होतो. वेंकोजीराव म्हणून गिऱ्हाईक होतं, त्यांचा बंद गळ्याचा कोट तीन बोटं आखूड झाला. माप त्याने सांगितलं, मी कापला. तो म्हणतो बेचाळीस सांगितलं. मी अजूनही म्हणतो एकोणचाळीस. त्यावरून बोलणं बंद झालं. त्याच आठवड्यात, कमलाक्षीच्या हिशेबाने, माझ्या साठीची षष्ट्यब्दी ठरली होती. शेषगिरी येणार म्हणून मी घरातून निघून गेलो आणि संध्याकाळीच परतलो. समारंभ झालाच नाही. कमलाक्षीने त्या दिवसासाठी घेतलेलं डाळिंबी लुगडं तसंच घडी घालून पेटीत ठेवलं. मी तत्त्वाचा माणूस आहे.

तर आज मी डोळे मिटून बसलो असताना तपकिरीचा वास आला. ओळखला. मग पाठीवर टेपचं गार पितळी टोक. पन्नास वर्षं टेप हाताळली, मला कळणार नाही? त्याने खांद्यापासून खाली लांबी घेतली, पाठीची रुंदी घेतली आणि पुटपुटला, ‘एवढं पुरे. बाकी अंदाजाने.’

आता मी टेलर म्हणून विचारतो. गळा नाही, छाती नाही, बाही नाही. फक्त लांबी आणि रुंदी. हे कुणाचं माप असतं?

जिवंत माणसाचं नसतं.

मी हललो नाही. प्रवचनकार म्हणतात ती स्थिरता हीच असावी.

२८ नोव्हेंबर
आठवी ओळ आठवली नाही. कशी आठवेल.

२ डिसेंबर, शुक्रवार
शत्रूचं कार्ड माझ्या हाती! पोस्टमनने माझ्याच हातात दिलं. नरसीपूरहून, सत्यनारायणाच्या नावे, कानडीत. ‘चौदा तारखेला आपल्यासाठी जागा राखून ठेवली आहे. सोबत माणसं किती, ते कळवावं.’ सही वाचता येत नाही. अशा लोकांची सही वाचता येत नाहीच.

दुपारी सत्यनारायणाच्या नावे उत्तर टाकलं: ‘जागा नको. माणूस यायला तयार नाही. पुन्हा लिहू नये.’ कार्ड स्वतः पेटीत टाकलं, आत पडल्याचा आवाज ऐकला.

मन एकदम हलकं. आज रात्री अंतर्यामी उतरणार.

३ डिसेंबर
उतरलो नाही. डास होते.

५ डिसेंबर
अंबुजा मला बघून हसते. कारण नसताना. विचारलं तर ‘सुम्ने हो अप्पा’ म्हणते. म्हणजे उगाच. या घरात उगाच काही होत नाही, हे मला आता कळलंय.

शिवाय वहीत पेन्सिल ठेवतो ती खूण एक पान पुढे सरकलेली होती. वारा असावा.

८ डिसेंबर, गुरुवार
कमलाक्षीने पेटी उघडली. डाळिंबी लुगडं गच्चीवर उन्हात घातलं. घड्यांच्या जागी रंग उडालाय. ती घडीवरून बोट फिरवत बराच वेळ उभी होती. मी जिन्यातून पाहत होतो.

कळलं. मला नरसीपूरला सोडलं की ही भावाकडे राहायला जाणार. त्याची तयारी.

वर गेलो. सरळ विचारायचं ठरवून गेलो होतो की माझ्या बोलण्याचा इतका कंटाळा आला का. प्रत्यक्षात ऊन चांगलं आहे म्हणालो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘दहा वर्षं झाली. ह्या वेळी तरी आडवे येऊ नका.’

ही धमकी म्हणायची की विनंती, ठरवता आलं नाही. आवाज विनंतीचा होता. पण आवाजावर कोण विश्वास ठेवतो.

रात्री जेवलो नाही. एक भाकरी खाल्ली, ती जेवण नव्हे.

१० डिसेंबर
वादिराजाला विश्वासात घ्यावं म्हटलं. कुंपणापाशी हळूच म्हणालो की घरचे मला शांत करायला निघालेत. तो मोठ्याने हसला आणि म्हणाला, ‘मग करून घ्या की हो राव! आम्हालाही बोलावलंय.’

गल्लीसुद्धा विकली गेलेली आहे.

११ डिसेंबर
ध्यान आजपासून बंद. शांततेचा हा सगळा व्याप मला झेपण्यासारखा आहे, पण परिस्थिती अनुकूल नाही.

१३ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळ
योजना पक्की. कार्डाने जागा रद्द झाली असली तरी धोका नको. उद्या पहाटे पाचला गुपचूप मागच्या दाराने बाहेर पडायचं, पहिल्या बसने नंजनगूडला नरसिंहाकडे. नरसिंह माझं जुनं गिऱ्हाईक, कवितेचा दर्दी. रात्री परत. साठीच्या वेळी जमलं, आताही जमेल. पिशवीत दोन धोतरं, पंचा, चष्मा. वही उशाखालीच राहील, तिला धोका नाही.

कमलाक्षी स्वयंपाकघरात गुणगुणतेय. किती वर्षांनी ऐकलं. दाराआड उभा राहून ऐकलं. मग योजनेकडे लक्ष वळवलं.

१४ डिसेंबर, बुधवार. संध्याकाळी ७.३०
नीट क्रमाने लिहितो.

पाचला मागचं दार उघडलं. दारात टॅक्सी. टॅक्सीला टेकून शेषगिरी तपकीर ओढत उभा. म्हणाला, ‘या भावोजी. पाचला याच दाराने येणार म्हणून कळलं होतं.’ पिशवी त्याने काढून घेतली. मागच्या सीटवर कमलाक्षी बसलेली होती, डाळिंबी लुगड्यात. थोडी सरकली आणि शेजारी जागा केली.

मला पळता आलं असतं. गुडघे ठीक आहेत. पण तिने लुगड्याचा काठ माझ्या जागेवरून उचलून धरला होता, मी बसेपर्यंत. मी बसलो.

नरसीपूर. संगम. मांडव, कलश, होम. सत्तरी पुरी झाली की करतात ती शांत. नाम. स्त्रीलिंगी. पाठोपाठ पुन्हा मंगळसूत्र बांधायचं असतं. भटजी सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुमच्याकडून नको म्हणून कार्ड आलं होतं. चार दिवसांनी सूनबाईंचा ट्रंककॉल आला की कार्ड सासऱ्यांनी लिहिलंय, मनावर घेऊ नका.’ सगळे हसले. वादिराज सगळ्यांत जास्त.

वय दाखल्याप्रमाणे अडुसष्ट आहे, हे मी एकदा सांगून पाहिलं. भटजींनी ऐकलं नाही.

शेषगिरीने नवा कोट आणला होता. बंद गळ्याचा. लांबी बरोबर, पाठ बरोबर. बाह्या तीन बोटं आखूड. मी दाखवलं. तो म्हणाला, ‘हात मांडीवर ठेवून साधूसारखे बसला होतात, बाही कुठून मोजू?’ मग दोघंही एकदमच म्हणालो, ‘एकोणचाळीस!’ ‘बेचाळीस!’ कमलाक्षीने दोघांकडे बघितलं. शेषगिरीने तपकीर काढली, मी कोटाची बटणं लावली.

मंगळसूत्र बांधताना बोटं थंडीने गारठली होती. गाठ दोनदा सुटली. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वीही सुटली होती, असं ती हळूच म्हणाली. मला आठवत नाही. तिच्या डोळ्यांत धूर गेला होता.

मग डोक्यावर कलशांचं पाणी. शेवटी भटजींनी डोळे मिटून बसायला सांगितलं. आणि खरं लिहितो, आयुष्यात पहिल्यांदा आत काहीच नव्हतं. रेडिओ नाही, संशय नाही. निखळ शांतता. परतताना टॅक्सीत हा अनुभव मी सगळ्यांना समजावून सांगितला. कमलाक्षी म्हणाली, ‘घोरत होतात.’

घरी आल्यावर एकच प्रश्न राहिला होता. पाच वाजता, मागचं दार, हे शेषगिरीला कुणी सांगितलं? कार्डाचं अंबुजाला कसं कळलं? वादिराजावर संशय होता. पुरावा शोधायला वही उघडली.

वीस नोव्हेंबरच्या पानावर, समासात, लाल पेन्सिलीने, हिंदीच्या परीक्षेत लिहितात तशा गोल अक्षरात:

‘अप्पा, शांत हा शब्द बरोबर आहे. माझ्या आजीपासून सगळे म्हणतात. तुम्ही तपासून सोडा.’

पुढे प्रत्येक पानावर काही ना काही, सगळं एकाच बैठकीत लिहिल्यासारखं. चोवीस तारखेला: ‘अत्तेंच्या लक्षात आलं होतं. रडल्या.’ दोनला: ‘हे वाईट केलंत.’ आठला काही नाही, फक्त एक रेघ. काल लिहिलेल्याखाली: ‘धोतरं इस्त्री करून सोडली आहेत.’

आणि सोळा तारखेला, पहिल्याच पानावर: ‘कंदिलाची आठवी ओळ अत्तेंना येते. तुम्ही रोज झोपेत म्हणता.’

रात्री ८.१०
कमलाक्षीला ओळ विचारली. ती लुगड्याची घडी घालत होती. म्हणाली, सांगेन, आधी अर्धा तास गप्प बसून दाखवा.

बसलोय. तीन मिनिटं झाली.

लिहिलेलं चालतं का, हे विचारायचं राहिलं. विचारून येतो.