चपलेवर झोपलेला शेरू

मंगळवार, संध्याकाळ

माझ्या डाव्या चपलेवर आज एका कुत्र्याने तासभर अतिक्रमण केलं. दाद मागायची कुठे? हा शेरू समुपदेशक मॅडमचा मदतनीस. माझा भाऊ वारल्यापासून त्याची मुलगी पल्लवी कोणाशीच बोलत नाही, म्हणून तिला मॅडमकडे नेतो.

पहिल्याच दिवशी मी म्हणालो होतो, "यानं पोरीले बोलतं केलं, तं पाया पडीन याच्या!"

मॅडम म्हणाल्या, "मग वाकायची सवय ठेवा, भाऊ."

आज चप्पल ओढायला गेलो, तर पल्लवी खेकसली, "काका, हालू नका ना! झोपून राह्यला तो!"

बोलली! पोर बोलली, तेही मलाच झापत! चप्पल? राहू दे की रात्रभर तिथंच...

निघताना चप्पल घालायच्या निमित्ताने वाकलो आणि कोणाचं लक्ष नाही बघून शेरूच्या पायाला हात लावला.