लाल तिकिटाविना पाळणा

रविवार, ५ फेब्रुवारी १९८४

आज मी जिंकले! उरुसात आकाशपाळण्यासाठी भली मोठी रांग होती. दुप्पट पैसे दिले की लाल तिकीट, मग रांग नाही. ह्यांचा हात लगेच खिशात. मी म्हटलं, रांगेतच थांबायचं. सासूबाईही ह्यांना म्हणाल्या, "गाडी सुटायलीय का रे तुझी?"

लाल तिकीटवाले आमच्यासमोरून चढले, उतरलेसुद्धा. हे धुसफुसत होते. मी उगीच हट्ट केला का?

आमची पाळी येईस्तोवर अंधारलं. पाळणा वर गेला आणि खाली एकदम सगळे दिवे लागले. सासूबाई ओरडल्या, "अगं, बांगड्यांची दुकानं बघ कशी झळकायलीत!" लाल तिकीटवाल्यांनी दिवसाउजेडी दुकानांचे नुसते पत्रे पाहिले असतील.

उतरल्यावर हे म्हणाले, परत बसू. आणि मुकाट जाऊन उभे राहिले, रांगेच्या शेवटी!