घरासाठी एकच, पण टिकाऊ प्रिंटर

१२ मे, सकाळ
आजपासून प्रिंटरचं खातं माझ्याकडे. कालच नोरीनला शब्द दिला. इतकी वर्षं गायकवृंदात दुसऱ्या रांगेत उभी राहिली, आता कुठे बायकोच्या हाती सूत्रं आलीत. २९ जूनला मेमोरियल हॉलमध्ये तिचा पहिला कार्यक्रम. मंडळी सगळी पंचाहत्तरीची. गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरांत छापून हातात दिले नाहीत, तर दुसऱ्या कडव्यालाच गारद. म्हटलं, कागद माझ्याकडे लागले. तिनं चष्मा काढून पुसला. भारावली असावी.

१५ मे
आपला जुना प्रिंटर कागद गिळतो. नवा घ्यायचा तर नेटवर्कवालाच. नोरीनचा लॅपटॉप स्वयंपाकघरात, माझा कॉम्प्युटर मागच्या शेडमध्ये. दोन्हीकडून छापता आलं पाहिजे. आणि टिकाऊ! पाणीखात्यात जन्मभर पंप सांभाळलेत मी. यंत्र कशाला म्हणतात ते मला कोणी शिकवू नये.
लेझर की शाईचा? लेझर. शाई सुकते.
अर्धी लढाई जिंकली.

२० मे
बेंडिगो शहरातल्या दुकानात जाऊन आलो. सगळे प्रिंटर बोटांनी वाजवून पाहिले. ट्रे उघडझाक करून पाहिले. एकाचा ट्रे हातातच आला. दुकानातली बाई म्हणते, आजोबा, चालू करून बघा ना, कलिंगडासारखं वाजवताय काय. आजोबा म्हणे!
एक पसंत केला. घेतला मात्र नाही. इथलं आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं, तेव्हा सेल लागतात. मे महिन्यात प्रिंटर घेणाऱ्याला या देशात कोणी शहाणा म्हणणार नाही.

३ जून
नोरीन विचारत होती, जुना दुरुस्त होतो का. मी नुसता हसलो.
उद्या नगरपालिकेची गाडी घरातलं मोठं भंगार उचलणार. जुना प्रिंटर दारापुढच्या गवतावर ठेवून आलो. परतीचे दोर कापल्याशिवाय माणूस हातपाय हलवत नाही.

४ जून
गाडी यायच्या आतच शेजारच्या वासिलनं तो उचलला. गवतावर ठेवलं की नेणाऱ्याचं, त्यामुळे बोलायची सोय नाही. संध्याकाळी कुंपणावरून हाका मारतोय, अल्विन, अरे आत टोमॅटोच्या बियांचं पाकीट अडकलं होतं! काढलं, आता मस्त पळतोय. वहिनीला काही छापायचं असेल तर खुशाल पाठव.
म्हटलं, काही गरज नाही, आमचा नवा येतोय. कधी येतोय, ते त्यानं विचारलं नाही. बरं झालं.

१८ जून
सेल लागला. माझं मॉडेल संपलं. म्हणजे माझी निवड अचूक होती. ऑर्डर देऊन आलो, आठवड्यात येईल. नोरीनला सांगितलं. ती सूप ढवळत राहिली. हल्ली तालमीवरून उशिरा येते.

२६ जून
आला! काय वजन आहे! याला म्हणतात टिकाऊ. उचलताना पाठीत उसण भरली.

२७ जून
शेडमध्ये वाय-फाय पोचत नाही. प्रिंटर उचलून स्वयंपाकघरात आणला. पाठ गेली. आता लॅपटॉप म्हणतो, प्रिंटर सापडत नाही. अरे, तुझ्या नाकासमोर बसलाय! दुपारभर हेल्पलाइनचं संगीत ऐकलं. मग फोनच कट झाला.

२८ जून
छापलं! एक पान. त्यावर लिहिलंय, आपला प्रिंटर वापरासाठी सज्ज आहे. त्यानंतर काही केल्या एक अक्षर नाही. रडायला आलं, खरंच.
वासिलकडे जावं म्हणून कुंपणापर्यंत गेलो. त्याची टीव्हीवर फुटबॉल मॅच चालली होती. ऐन मॅचमध्ये माणसाला त्रास देऊ नये. परत आलो.

२९ जून, सकाळ
नोरीनला सांगून टाकलं. ती कार्यक्रमानंतरच्या चहासाठी लॅमिंग्टन केक डब्यात भरत होती. म्हणाली, बरं. हा डबा उचल आणि गाडी काढ.
बस, एवढंच. यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. माझ्यामुळे सगळ्या गावासमोर बाईची फजिती होणार.

३० जून
काल हॉल खच्चून भरला होता. मी शेवटच्या रांगेत, मान खाली घालून. मंचावर एकाच्याही हातात कागद नव्हता. नोरीननं हात वर केला. सगळे तिच्याकडे बघून गायला लागले. एक शब्द चुकला नाही! शेवटी लोक उभे राहिले, माझेही डोळे भरून आले.
चहाच्या वेळी मी चारचौघांना समजावत होतो, की हातात कागद नसला की गाणं कसं खुलतं, आणि एका अर्थी हे माझ्यामुळेच घडलं. तेवढ्यात गायकवृंदातल्या बेरिलनं पाठीवर, नेमकी उसण भरली तिथेच, थाप मारली. म्हणाली, तुझ्यामुळेच रे बाबा! कागद तू छापणार आहेस हे नोरीननं मे महिन्यात सांगितलं, आणि त्याच तालमीपासून आमच्याकडून सगळी गाणी पाठ करून घ्यायला लागली.