गालावरचा अलेप्पो

४ ऑक्टोबर
ठरलं. डाव्या गालावरचा व्रण लेझरने घालवायचा. लहानपणी माशी चावून फोड आला, वर्षभर चिघळला आणि खड्डा ठेवून गेला. अलेप्पोत घरोघरी असे गाल. इथे बैरूतमध्ये लोक गाल बघूनच गाव ओळखतात.

यात नटण्याचा प्रश्न नाही. माझं साबणाचं दुकान आहे, साबणवाल्याचा चेहरा स्वच्छ हवा. सिहामबाई दर गुरुवारी येतात त्याचा काही संबंध नाही. (विधवा आहेत. सहज नोंदवलं.)

९ ऑक्टोबर
लेझर झालं. डॉक्टर तालीन म्हणाल्या, डाग थोडा दिसत राहील, पण हाताला खड्डा लागणार नाही. सगळ्यांनाच असं सांगत असतील.

चेहरा सुजून भोपळा. आरशात बघायचं नाही, असा निश्चय केला. दुपारपर्यंत टिकला.

१२ ऑक्टोबर
गालातून पाणी येतंय. वर मलम. कुणी हात लावायचा नाही. आईला सर्दीची थाप मारली. तिला दिसत नाही, त्यामुळे रोज संध्याकाळी माझा गाल चाचपते आणि मग जेवते. मी आणि लुत्फी जुळे भाऊ. लुत्फी लहानपणी माझा आवाज काढून माझ्या वाटणीची मिठाई उपटायचा. तेव्हापासूनची तिची ही सवय.

लुत्फी युद्धात पाव आणायला गेला, तो आलाच नाही. आई अजून रोज त्याचं ताट वाढते, झाकून ठेवते. सकाळी मी ते गुपचूप रिकामं करतो. मी काही त्याची आठवण काढत बसत नाही.

१५ ऑक्टोबर
खपली काढायची नाही म्हणून बजावलंय. काढली नाही. नुसती उचलून पाहिली.

संध्याकाळी वीज गेली. मेणबत्तीच्या उजेडात डाग दिसला नाही. आरशात लुत्फी उभा होता. मी दात घासत होतो, तोही घासत होता. मला भीती वाटली असं नाही. फक्त आरशावर टॉवेल टाकला.

२३ ऑक्टोबर
गुरुवार. सिहामबाई आल्या. गालाला काही भाजलं का, असं विचारलं. दोन वड्या घेऊन गेल्या. संकोचाने जास्त बोलल्या नसतील.

टॉवेल काढलेला नाही. दाढी अंदाजाने.

२६ ऑक्टोबर
डॉक्टरांनी हात लावायला परवानगी दिली. संध्याकाळी आईसमोर बसलो. तिने डावा गाल चाचपला. मग उजवा. पुन्हा डावा.

"लुत्फी, आलास रे बाळा?"

मी म्हणालो, आई, मी वस्फी. ती हसायला लागली. इतकी वर्षं ती अशी हसलेली नाही.

"लबाडा, अजून तीच थट्टा? वस्फीचा गाल मला ठाऊक नाही होय? थांब, तो दुकानातून येऊ दे. तुला बघून रडेल बघ. वरून कठोर आहे, पण तुझ्यासाठी झुरतो."

झुरतो, हे तिला कोणी सांगितलं?

बोलायला तोंड उघडलं, पण तिने घास भरवला. डॉक्टरांना फोन केला, खड्डा परत करता येतो का. त्या म्हणाल्या, तसं मशीन नाही.

आज लुत्फीचं ताट मी जेवलो. माझं झाकून ठेवलंय.